दुसऱ्या चित्रपटाचा निर्माता कुठे गेला?

प्रदर्शनाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नऊला, चित्रपटाच्या निर्मात्यांचा, म्हणजे आमच्या द्राक्ष बागायतदारांचा, फोन आला. तिकिटांच्या ॲपवर ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्सचा नकाशा उघडून बसले होते. "एकशे ब्याण्णव खुर्च्या आहेत. त्यातल्या अकरा करड्या झाल्यात. करड्या म्हणजे विकल्या ना?" मी म्हटलं, हो. "मग त्यातल्या चार माझ्या साडूच्या." दुपारी बाराचा एकच खेळ मिळाला होता. सोमवारी तो सकाळी साडेनऊवर गेला आणि बुधवारी कुठेच नव्हता.

मी छोट्या निर्मात्यांचे हिशेब लिहितो. कॅमेऱ्याचं भाडं, जनरेटरचं डिझेल, स्पॉटदादांची शिफ्ट, रात्री दोननंतर लागणारी दीडपट, पाऊस आला म्हणून वाया गेलेला दिवस, सगळं माझ्या वहीत येतं. त्या वहीत एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसते आहे. दिग्दर्शक पुन्हा भेटतो, कॅमेरामन पुन्हा भेटतो, मेकअपवाला तर दर दुसऱ्या महिन्याला भेटतो. निर्माता मात्र पुन्हा भेटत नाही. एक चित्रपट करतो, एखादं पारितोषिक घेतो, आणि परत द्राक्षांकडे, बांधकामाकडे, कोचिंग क्लासकडे जातो. आपण नवे दिग्दर्शक, नवे लेखक, नवे चेहरे यांच्या आगमनाचा सोहळा करतो. त्यांना पहिल्यांदा दार उघडून देणारा माणूस दुसऱ्या वेळी दारात का नसतो, हे फारसं कुणी विचारत नाही.

विचारलं तर उत्तरादाखल एक गोष्ट ऐकवली जाते. सिनेमा हे वेड आहे, त्यात माणूस घर विकतो, दागिने गहाण टाकतो. या गोष्टीचे मूळपुरुष अर्थातच दादासाहेब फाळके. विमा पॉलिसी तारण ठेवली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि १९१३ साली पहिला चित्रपट उभा राहिला. खरं आहे, आणि त्या बाईंचे उपकार मोठे आहेत. पण याच कहाणीतला दुसरा तुकडा आपण कमी सांगतो. चित्रपटाला भांडवल हवं होतं तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडी थोडी फिल्म खर्च करून त्या रोपाची वाढ टिपली, आणि पडद्यावर कोंब भराभर वर येताना पैसेवाल्यांना दाखवला. ते बघून पैसे देणारे पुढे आले. म्हणजे सावकाराने आधी काहीतरी पाहिलं, मग पैसा लावला. आणि पाहण्याजोगं ते काहीतरी तयार करण्याचा खर्च कुणाला तरी त्याआधीच सोसावा लागला.

सगळी मेख या आधीच्या खर्चात आहे. पटकथा लिहायला वर्ष लागतं. त्या वर्षात लेखक जेवतो, भाडं भरतो, कधी आजारी पडतो. ते वर्ष कोण पोसतो, यावरून मी निर्माता ओळखतो. शूटिंगला पैसे घालणारे बरेच असतात. तिथे निदान कॅमेरा दिसतो, नट दिसतात, पाहुण्यांना सेटवर नेता येतं. लिहिण्याच्या वर्षात दाखवण्यासारखं काही नसतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ची हकिगत म्हणूनच मला त्याला मिळालेल्या बक्षिसांपेक्षा मोठी वाटते. विवेक गोम्बर हे नट. ताम्हाणेंच्या नाटकात त्यांनी काम केलं होतं. या मुलाच्या डोक्यात काहीतरी आहे आणि खिशात काही नाही, हे पाहून त्यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, ती केवळ लिहिण्यासाठी. गोष्ट अजून धड ठरलेलीही नव्हती. पुढे चित्रपटाची निर्मिती त्यांनीच केली आणि त्यात वकिलाची भूमिकाही केली. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती या विभागातला सर्वोत्तम चित्रपट आणि पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार असे दोन्ही मान मिळाले, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: २०२० साली ताम्हाणेंचा दुसरा चित्रपट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला, तेव्हाही निर्माते गोम्बरच होते. एकाच निर्मात्याने त्याच दिग्दर्शकाला दुसऱ्यांदा, तेवढ्याच सवडीने, वेळ काढू दिला. माझ्या वहीत असं उदाहरण नाही.

पण त्यावरून "बघा, एका माणसाने मनावर घेतलं तर होतं" असं म्हणायला मी तयार नाही. एका माणसाच्या मनावर चालणाऱ्या गोष्टीला पद्धत म्हणत नाहीत.

पद्धत कशी असते, याचा नमुना जुना आहे. श्याम बेनेगल जाहिरातपट करायचे आणि पहिल्या चित्रपटाची गोष्ट कित्येक वर्षं सोबत घेऊन फिरत होते. ती १९७४ मध्ये पडद्यावर आली ती ब्लेझ या कंपनीमुळे. ब्लेझचा मूळ धंदा जाहिरातपट चित्रपटगृहांत पोहोचवण्याचा. देशभरातल्या थिएटरांशी संबंध होते, पैसा नियमित येत होता. त्यातून त्यांनी बेनेगलांना एकदा नाही, पुन्हा पुन्हा उभं केलं: 'अंकुर', मग 'निशांत', मग हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेली 'भूमिका'. पहिल्यातून शबाना आझमी पडद्यावर आल्या, गोविंद निहलानींचा कॅमेरा लोकांच्या नजरेत भरला. एका नव्या दिग्दर्शकाला हात दिला की त्याच्यामागे अशी रांग येते. आता यातला व्यवहार बघा. ब्लेझने कुणाचे दागिने मोडले नाहीत. त्यांच्याकडे दुसरीकडून येणारी नियमित मिळकत होती आणि चित्रपट लावायला थिएटरांची ओळख होती. या दोन गोष्टी असल्या की पहिला चित्रपट जेमतेम चालला तरी तिसरा करता येतो. त्याही आधी कोल्हापूर-पुण्याच्या प्रभातने माणसं पगारावर ठेवूनच घडवली. गुरुदत्त तिथे करारावर होते.

आजच्या मराठी निर्मात्याकडे या दोन्हींपैकी काय आहे? चला, माझी वही उघडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशा वह्या मी लिहितो, तेव्हा फार लांबचे नाहीत.

समजा चित्रपट दीड कोटीत झाला. प्रसिद्धी, पोस्टर, ट्रेलर, थिएटरला डिजिटल प्रत पोहोचवण्याचे पैसे मिळून आणखी ५० लाख. एकूण दोन कोटी. तिकीट २०० रुपयांचं. त्यातला १८ टक्के जीएसटी गेला की उरतात १६९. पहिल्या आठवड्यात निम्मे थिएटरचे. पुढच्या आठवड्यांत निर्मात्याचा वाटा आणखी घसरत जातो. राहिले ८५. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर निर्मात्याच्या हातात पडतात सुमारे ७२ रुपये. दोन कोटींना ७२ ने भागा: पावणेतीन लाखांच्या वर प्रेक्षक हवेत, तेही सगळे पहिल्याच आठवड्यात. ठाण्याच्या त्या एकशे ब्याण्णव खुर्च्यांच्या पडद्यावर म्हणायचं तर साडेचौदाशे खेळ हाऊसफुल्ल. आमच्या बागायतदारांना मी हे गणित मुहूर्ताच्या आधी करून दाखवलं होतं. ते म्हणाले, "द्राक्षाचं गणित कागदावर मांडलं असतं तर एक वेल लावली नसती." यावर मला उत्तर सुचलं नाही.

उपग्रह हक्क आणि ओटीटीचे पैसे यात धरलेले नाहीत, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण मोठा चेहरा नसलेल्या, नवख्या दिग्दर्शकाच्या पहिल्याच मराठी चित्रपटाला ते पैसे आधी कुणी देत नाही. आधी थिएटरात काय केलं ते विचारतात.

मग सरकार. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला अनुदान आहे. गेल्या दशकभरातला दर 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख. चांगली गोष्ट आहे, त्यावर कित्येकांचे हात दगडाखालून निघाले. पण ते मिळतं केव्हा? चित्रपट पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षकांनी बघून गुण दिल्यावर. म्हणजे ज्याच्याकडे दीड कोटी उभे करायची ताकद आधीच होती, त्यालाच. ज्याने ते बाजारातून दोन टक्क्यांनी उचलले त्याची वही बघा: महिन्याला तीन लाख व्याज. शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून अनुदान खात्यावर जमा होईपर्यंत चौदा महिने धरले, आणि चौदा हे मी कमीच धरतो आहे, तर व्याज झालं ४२ लाख. 'अ' दर्जाचं पूर्ण अनुदान सावकाराकडे गेलं आणि वर दोन लाख घरातून गेले. सरकारने नव्या दिग्दर्शकाला मदत केली असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात सरकारने व्याज भरलं.

गंमत म्हणजे आपल्याकडे एकेकाळी वेगळा विचार होता. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या करपरतावा योजनेत मराठी चित्रपटावर भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्याने पुढचा चित्रपट काढला तर. त्या योजनेचा गैरफायदाही झाला, पाट्या टाकलेले चित्रपट आले, ते सगळं मान्य. तरी त्या एका अटीत शहाणपण होतं. सरकार निर्मात्याला विचारत होतं: पुढचा कधी? आजचं अनुदान विचारतं: मागचा कसा होता?

थिएटरच्या बाजूलाही असंच झालं. २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचा असं सरकारने ठरवलं, त्यावर देशभर गदारोळ झाला, इंग्रजी वाहिन्यांवर आपल्याला शिव्या मिळाल्या, आणि शेवटी प्राइम टाइमची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ठरली. म्हणजे बागायतदारांचा तो अकरा करड्या खुर्च्यांचा बाराचा खेळ प्राइम टाइममध्येच होता.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की कागदावरच्या पटकथेला सरकारी पैसा दिला तर तो ओळखीपाळखीत जाईल. माझ्याकडे याला पूर्ण तोड नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने आणि पुढे एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, नव्यांना पैसे दिले, त्यातून भारतीय सिनेमाचा एक अख्खा प्रवाह निघाला. पण त्याच वेळी बरेच चित्रपट डब्यात पडून राहिले, प्रेक्षकांपर्यंत गेलेच नाहीत, ही टीका सत्तरच्या दशकापासून होते आहे आणि ती खोटी नाही. केरळ सरकार आपल्या महामंडळामार्फत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना दीड कोटीपर्यंत देतं, चित्रपट होण्याआधी. तिथेही २०२५ मध्ये या पैशावरून मोठा वाद पेटला: रक्कम कमी करा, आधी प्रशिक्षण द्या, असं एका बुजुर्ग दिग्दर्शकाने जाहीर सभेत सुचवलं आणि सभागृहातच त्याला विरोध झाला. माझं मत विचाराल तर मी केरळच्या बाजूने आहे, फक्त एका फरकाने. तिथे महामंडळच निर्माता असतं. महामंडळ पैसे मोजू शकतं. पहाटे चारला दिग्दर्शकाशी "हा प्रसंग कापू या" म्हणून भांडू शकत नाही. त्यासाठी माणूस लागतो. म्हणून पैसा द्यायचा तो दिग्दर्शकाला किंवा चित्रपटाला देण्यापेक्षा निर्मात्याला द्या, आणि एका नव्हे, तीन पटकथांसाठी द्या. पाच-पाच लाखांचे तीन हप्ते, लिहिण्याच्या काळासाठी. तीनपैकी एक पडद्यावर आली तरी खूप. पंधरा लाख बुडाले तर बुडाले. आज ४० लाख व्याजात बुडतात तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा असतो. म्हणतात, निर्मात्यांना कसला आधार? लेखकाचे पैसे बुडवतात, तंत्रज्ञांचा शेवटचा हप्ता देत नाहीत, श्रेयनामावलीत बायकोचं नाव घुसवतात. हेही मी पाहिलं आहे, वहीतून पाहिलं आहे. न दिलेल्या पैशांच्या नोंदी मीच करतो. पण एकदाच चित्रपट काढायला आलेल्या माणसाला बाजारात तोंड दाखवायची गरज नसते. ज्याला पुढच्या वर्षी त्याच साउंडवाल्याकडे जायचं आहे, तो त्याचे पैसे देतो. एकचित्रपटी निर्माता हा प्रामाणिक असला तरी धोकादायकच, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखं नाव नसतं. या माणसांना टिकवणं हे तंत्रज्ञांच्याही फायद्याचं आहे.

आणि नव्या दिग्दर्शकांनाही थोडं ऐकवायला हवं. नीलेश नवलाखा हे 'शाळा'च्या निर्मात्यांपैकी एक, आणि तो दिग्दर्शक सुजय डहाकेंचा पहिला चित्रपट. मग विवेक कजारियांच्या जोडीने त्यांनी 'फँड्री' नागराज मंजुळेंकडून करून घेतला, तोही मंजुळेंचा पूर्ण लांबीचा पहिलाच. २०१४ च्या फेब्रुवारीत 'फँड्री' लागला. दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटाने शंभर कोटींच्या घरात धंदा केला, तो दुसऱ्या मोठ्या स्टुडिओबरोबर. यात कुणी कुणाला फसवलं नाही. दिग्दर्शकाने मोठ्या पडद्याचं स्वप्न का पाहू नये? पण धंद्याच्या भाषेत बघा: बी पेरणारे वेगळे आणि पीक आलं ते वेगळ्या खळ्यावर. प्रकाशन व्यवसायात पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क असा मजकूर करारात असू शकतो. आमच्याकडे पहिल्या चित्रपटाच्या करारात दिग्दर्शकाच्या पुढच्या कामात दोन-तीन टक्क्यांचा वाटा, असं एक साधं कलम घालायला काय हरकत आहे? मी तीन करारांमध्ये हे सुचवलं. दोन ठिकाणी दिग्दर्शकाने नाही म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी निर्माताच म्हणाला, "राहू दे हो, पोरगं बिचारं आत्ताच घाबरलंय."

परदेशी पैशाचा एक रस्ता आहे आणि तो खुला आहे. गोव्यात दर नोव्हेंबरला चित्रपटासाठी पैसा आणि भागीदार शोधायचा फिल्म बाजार भरतो, २००७ पासून. रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीसारख्या ठिकाणांहून मदत मिळते. 'कोर्ट'ला मिळाली होती. २०२५ मध्ये रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या स्पर्धेत परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक पटकावलं, तर त्याच्या निर्मात्यांची यादी वाचत जावं लागतं, इतकी नावं आहेत. थोडा थोडा करून अनेकांनी खांदा दिलेली ती पालखी आहे. मला ते आवडलं. एकट्याच्या दागिन्यांपेक्षा दहा जणांचे खांदे बरे. पण त्या वाटेवर पहिली पायरी इंग्रजीत पंधरा पानं लिहिण्याची असते. आमचे बागायतदार गोव्याला गेले होते. गावच्या तमाशा कलावंत बाईंवरची ती गोष्ट मराठीत सांगायला लागले की समोरचा माणूस पुढे सरकून ऐकायचा. इंग्रजीत त्यांना सात मिनिटं मिळाली होती. साडेतीन मिनिटांत संपवून ते खाली बसले. निर्मात्याला हे काम शिकवणारी, त्याची कागदपत्रं लिहून देणारी, करार तपासणारी एक खिडकी मराठीत नाही. एक अनुवादक आणि एक वकील अर्धवेळ ठेवायला किती लागतात, हे मी कुणालाही सांगू शकतो. ती रक्कम एखाद्या पुरस्कार सोहळ्यातल्या फुलांच्या सजावटीहून जास्त नाही. तीही बिलं मी पाहिली आहेत.

बागायतदारांचा तो चित्रपट दोन कोटींत पडला होता. परत आले ते, अनुदान धरून, सत्तर लाख. दिग्दर्शक मुलीला आता एका वेबमालिकेचं काम मिळालं आहे, चांगलं चाललंय तिचं. चित्रपटाची हार्ड डिस्क माझ्या कपाटात आहे, कारण त्यांच्या घरी दमट असतं.

मागच्या महिन्यात ते पुण्याला आले होते. द्राक्षाचे पैसे बरे आलेत या साली, म्हणाले. एका मुलाचं नाव सांगितलं. एकांकिका स्पर्धेत त्याचं लेखन पाहिलं होतं, मिरजेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मी विचारलं, गोष्ट काय आहे? म्हणाले, "अजून नाही. लिहितोय." मग खिशातून घडी केलेला व्हाउचर काढून माझ्यापुढे ठेवला, लेखन मानधन, माहे जून, रुपये बारा हजार फक्त, आणि कुठल्या खात्यात टाकायचं ते विचारलं. चित्रपटाला अजून नाव नव्हतं. मी नवी फाइल काढली आणि पाठीवर त्या मुलाचंच नाव घातलं.